डावी चप्पल

ऑपरेशननंतर लेक पहिल्यांदाच वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात चालत होती. वाकडा कणा सळ्या घालून सरळ केला होता, आणि दहावीतली पोर आईपेक्षाही उंच दिसत होती. आईला काय करू नि काय नको झालं होतं. "बघा, कशी ताठ चालतेय," ती फिजिओथेरपिस्ट बाईंना म्हणाली. बाईंची नजर मात्र मागे, फरशीवर होती. तिथे लेकीची डावी चप्पल पडली होती, आणि लेक आपली तशीच पुढे निघाली होती. "फरशी गार लागते का गं?" बाईंनी विचारलं. लेकीनं आधी खाली बघितलं. "लागते की. उद्या घरी सोडणार ना?" बाईंनी तिला बाकावर बसवलं. "डोळे मिट. बोट दाबलं की सांग." त्यांनी त्याच पायाचा अंगठा चिमटीत घट्ट धरला. नख पांढरं पडलं. आई बघत राहिली. "दाबा ना," लेक म्हणाली.