टायमिंगचा दिवा

बाबांच्या जुन्या व्हॅनचं टायमिंग, म्हणजे इंजिनात ठिणगी पडायची नेमकी वेळ, लावायला दोन माणसं लागतात. मी मागच्या झाकणाखाली इंजिनात डोकं खुपसून ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर केसाकेसानं फिरवायचा आणि बाबांनी माझ्या पाठीमागे स्टुलावर बसून, तारेला जोडलेला छोटा दिवा हातात धरून बघत राहायचं. दिवा लागला, की तिथेच नट आवळायचा.

"लागला?"

"नाही. अजून थोडं."

उद्या शाळा उघडणार होती आणि पहिल्या फेरीची पोरं घेऊन बाबा हीच व्हॅन चालवत जाणार होते. फिरवत फिरवत मी पाव फेरा पुरा केला. एवढ्या फिरवण्यात दिवा कुठेतरी लागायलाच हवा होता.

"छे. गाडी म्हातारी झाली, दुसरं काय," बाबा वैतागले. "हल्ली भिंतीला काय घासते, फाटकाला काय धडकते."

मान अवघडली, म्हणून मी बाहेर आले. दिवा बाबांच्या नाकासमोर लख्ख जळत होता, आणि ते डोळे ताणून त्याच्याकडेच बघत होते.

"तूच बघ बरं, लागलाय का?"


"नाही लागत, बाबा," मी म्हणाले. "उद्या गाडी नकोच काढायला."