नाईक गुरुप्रसादचं पान

छापखान्यातून आलेला गठ्ठा श्वेतानं कोरमंगलाच्या ऑफिसात स्वतःच उघडला. रेजिमेंटमधल्या शौर्यपदक मिळालेल्या जवानांचं पुस्तक, आणि मांडणी तिची. चाळता चाळता एका पानावर तिचा अंगठा थबकला. पान कोमट होतं.

नाईक गुरुप्रसाद, मरणोत्तर.

ऊन लागलं म्हणावं, तर गठ्ठा सावलीत होता. तिनं दुसरी प्रत उघडली, मग तिसरी. बाकी सगळी पानं गार, तेवढं एकच कोमट. घाबरायचं सोडून ती खुळ्यासारखी एकेक प्रत उघडत बसली.

दुसऱ्या दिवशी एक उघडलेली आणि एक वेष्टनातली अशा दोन प्रती घेऊन ती जयनगरला गुरुप्रसादच्या आईकडे गेली. त्यांना सगळे अक्का म्हणत.

"अक्का, या फोटोवर जरा हात ठेवून बघता?"

अक्कांनी तळहात नाही, हाताची मागची बाजू टेकवली. थोडा वेळ तशीच राहू दिली.

"निघाला तेव्हाच अंगात ताप होता. ऐकलं नाही माझं," त्या म्हणाल्या. "स्वल्प थांब हं."

आतून त्या वाटीत मिठाचं पाणी घेऊन आल्या. रुमालाची पट्टी भिजवून पिळली आणि फोटोतल्या कपाळावर ठेवली.

"अहो अक्का, पान खराब होईल! राहू द्या, मी तुम्हाला दुसरी प्रत देते."

श्वेतानं पिशवीतली दुसरी प्रत काढली, तिचं प्लास्टिकचं वेष्टन फाडलं आणि तेच पान उघडलं.

पान गार पडलं होतं. तिनं फोटोवरून बोट फिरवलं.

कपाळ ओलं होतं.