सळई

पहिला फटका हितेशच्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज जिव्याला स्पष्ट ऐकू आला. हितेश कोसळला, कसाबसा उठला आणि चिकूच्या वाडीच्या कुंपणापर्यंत धडपडत गेला. पुढे काटेरी तार होती.

जिव्याच्या हातात दोन हात लांबीची लोखंडी सळई होती. मागच्या वर्षापर्यंत ती त्याच्याच झोपडीमागे जमिनीत ठोकलेली होती. मसोलीच्या त्या वस्तीत मीटर कोणाकडेच नव्हता. हितेश विजेच्या खांबावर आकडा टाकून प्रत्येक घराला एकच तार देई. दुसरी तार ज्याची त्याने जमिनीत सळई ठोकून तिला बांधायची, म्हणजे दिवा लागे. उन्हाने जमीन सुकली की दिवा मंद होई; मग बायका सळईच्या बुडाशी तांब्याभर पाणी ओतत.

उधव्याहून पोट भरायला आलेल्या जिव्याने यावर तोडगा काढला. आपली दुसरी तार त्याने दारासमोरच्या हातपंपाला बांधली. पंपाचे लोखंडी पाइप थेट खोल पाण्यात गेलेले. दिवा असा पेटला, की शेजारची सोमी मुद्दाम बघायला आली. सळई उपटून त्याने दाराआड ठेवून दिली.

त्या दिव्यावर घर चालत होते. त्याची बायको शुक्री आणि मुलगी शितल कारखान्यातून फुग्यांची पोती आणत, रंग वेगळे करत आणि पाकिटे भरत. दोन महिन्यांपूर्वी पंपाचे गंजलेले पाइप काढून प्लास्टिकचे घातले गेले. पाणी स्वच्छ येऊ लागले. त्याच सुमारास दिवा मात्र मिणमिणू लागला. तांबडा फुगा कुठला आणि नारिंगी कुठला, ते ओळखू येईना. ठेकेदाराने दोन पोती परत केली आणि तिसऱ्या वेळी काम बंद करीन, असे बजावले.

जिव्या हितेशकडे गेला, तेव्हा चार माणसांसमोर हितेश म्हणाला होता, "बायकोला चष्मा घे, जिव्या. माझ्या करंटला नावं नको ठेवू."

आणखी एक तक्रार होती. संध्याकाळी पंपाचा दांडा धरला की हाताला मुंग्या येतात, असे बायका सांगत. सगळ्यांनी मान वर करून पाहिले. हितेशची तार सैल होऊन पंपाच्या डोक्यावर लोंबत होती. जागोजागी तिचे प्लास्टिक उडाले होते. तार उचलून बांध, असे शुक्रीने त्याला दोनदा सांगितले होते. दोन्ही वेळा त्याने तिला वाटेला लावले.

चार दिवसांपूर्वी, दिवेलागणीला, शुक्री अनवाणीच पंपावर गेली. जिव्या आत फुगे निवडत होता. दिवा एकाएकी उजळला. त्याला बरे वाटले. हितेशने करंट वाढवला गं, असे त्याने आतूनच ओरडून सांगितले. उत्तर आले नाही.

शुक्रीच्या मरणाच्या चौकशीला आलेल्यांनीही वर पाहिले, कागदावर लिहिले, आकडा काढला आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी हितेशने पुन्हा आकडा टाकला. तार तशीच लोंबत राहिली. बायकांनी पंप सोडला आणि रस्त्यापलीकडच्या नळावर रांग लावली.

"जिव्या, ऐक," कुंपणाला पाठ लावून हितेश म्हणाला. त्याच्या ओठांतून रक्त गळत होते. "माझी तार पंपाला लागलेलीच नाही. शिडी लावून बघ. हातभर वर आहे."

"शुक्रीने तुला दोनदा सांगितलं होतं."

"उचलतो. आजच उचलतो. पण तू आधी तुझ्या घराची ती दुसरी तार..."

सळई कपाळावर उतरली. नंतरचे घाव जिव्याने मोजले नाहीत. हितेशचे पाय बराच वेळ माती उकरत होते. ते थांबले, तेव्हा जिव्याने सळई वाडीच्या विहिरीत टाकली आणि तो घराकडे वळला.

पंपापाशी येऊन तो थांबला. कोरड्या बांबूने त्याने हितेशची लोंबती तार उचलली आणि पंपापासून दूर, पलीकडच्या ताडाला पक्की अडकवली. तार तोडणे त्याच्या मनात आले नाही. पोती उद्या सकाळी द्यायची होती. मान वर करून त्याने खात्री केली. पंपाच्या डोक्यावर आता नुसते आभाळ होते.

शितल मिणमिणत्या दिव्याखाली फुगे निवडत होती. डोळ्यांजवळ नेऊन एकेक फुगा ती पाहत होती. बापाचे हात दिसताच तिच्या मांडीवरचे फुगे खाली सांडले.

"बा, हे काय केलं?"

"तुझ्या आईसाठी केलं. पाणी आण."

तिने बादली उचलली आणि सवयीने नळाच्या वाटेला लागली. जिव्याने तिला हाक मारून परत बोलावले.

"तिकडे लोक विचारतील. पंपावरून आण. तिथली तार मी काढली आता. भिऊ नको, पोरी."

चपला घालायलाही ती थांबली नाही.

जिव्या दिव्याखाली बसला आणि दोन्ही तळवे त्याने समोर धरले. त्या उजेडात ते नुसते काळपट दिसत होते. कित्येक दिवसांनी त्याच्या छातीवरचे ओझे उतरले होते. शितलचा सासरी जायचा दिवस पाहायला आपण तुरुंगाबाहेर नसू, हे त्याला कळत होते. पण तो दिवस पाहायला ती राहील, एवढे पुरे होते.

बाहेर पंपाचा दांडा एकदाच कुरकुरला.

दिवा एकाएकी लख्ख उजळला, आणि तळव्यांवरचा तांबडा रंग जिव्याला स्पष्ट ओळखू आला.