एंटर

खाली टॅक्सी येऊन थांबली होती आणि माझा सी भाषेतला प्रोग्रॅम अजून तपासायचा राहिला होता. शेवटी लॅपटॉप आईपुढे सरकवला.

"काहीही लिही, कितीही लांब. ओळ वाढेल तशी तो जागा वाढवत जातो. संपलं की एंटर दाब, म्हणजे मी निघायला मोकळी."

आई एका बोटाने लिहायला लागली. गळका नळ, शेजारणीचं गुडघेपुराण, माझं लहानपणीचं डोकं फोडून घेणं... ओळ काही संपेना. टॅक्सीवाला फोनवर फोन करत होता आणि मी बूट चढवून घरभर येरझाऱ्या घालत होते.

"अगं आई, चालतोय प्रोग्रॅम! दाब ना आता एंटर!"

तिचं बोट एंटरपाशी जाऊन थबकलं.


"दाबलं की तू जाणार ना?"