पुलावरची वाम

नदीतली वाम मासळी संपत चाललीय, हे गावाला दिसावं म्हणून शाळेच्या मुलांनी पुलाच्या भिंतीवर फुटक्या बशांच्या तुकड्यांची वाम जडवली. नमुन्यासाठी आणलेली जिवंत वाम सासऱ्यांच्या शेडमध्ये टबात होती. माझी सहा वर्षांची मुलगी येल्त्ये तिला उन्हाळाभर गांडुळं भरवत होती. अनावरणानंतर तीच तिला नदीत सोडणार होती. पडदा उघडला, टाळ्या झाल्या, आणि गावच्या प्रत्येक समारंभाला असतात तसे सासऱ्यांनी धुरावर शेकलेल्या वामेचे तुकडे घातलेले पाव आले. मी टब आणायला गेले, तो रिकामा. "मामंजी, येल्त्येची वाम?" "सकाळी पावांसाठी एक कमी पडत होती, सूनबाई. नदीत मिळते कुठे आता? भिंतीवर अमर झाली की ती!" सासरे हसले. मी पळत परतले. येल्त्ये बोटं चाटत होती. "आई, मी वामेला एक तुकडा ठेवलाय. जाण्याआधी तिलाही चव घेऊ दे."