उत्तरोत्तर सरस

"प्रत्येक अल्बम आधीच्यापेक्षा सरस!" निवेदिका म्हणाली. सत्काराची शाल सावरत गायक सदानंदरावांनी मान डोलावली. खोटं काहीच नव्हतं त्यात.

पहिल्या अल्बमच्या वेळी चौघे होते आणि हसू आवरेना म्हणून निम्मी गाणी बेसूर झाली. मग बासरीवाला बँकेत चिकटला, गाणी सुधारली. पेटीवाला भांडून गेला, तसे समीक्षक खूश झाले. तबलजी दिगू तेवढा उरला होता. पण तो ठेका चुकवायचा आणि वर डोळा मारायचा, म्हणून सदानंदरावांनी त्यालाही घरी बसवलं. शेवटच्या अल्बमला साथीला फक्त यंत्र होतं. त्यानं कधी ठेका चुकवला नाही, की चहा मागितला नाही. पुरस्कार त्याच अल्बमला होता.

घरी शाल दाखवायला कोणी नव्हतं. त्यांनी ती यंत्रावर पांघरली आणि फोन लावला.

"दिगू, एक अल्बम करू या का रे? अगदी भिकार?"

पलीकडून आधी खोकला ऐकू आला.

"सद्या, नंतर सुधारायला बसशील."

"नाही बसणार."

"डग्गा फाटलाय माझा."

"मग तर येच."