मिटलेला अंगठा

"अगं, अंगठा आत का घेतलायस? पेन्सिल पडेल ना!" नव्यानं आलेल्या रेवतीबाईंनी तनूची मूठ उघडून अंगठा पेन्सिलीवर टेकवला. शेजारच्या मुलाकडे वळल्या, तर तोही तसाच. अख्खी पहिली अंगठा तळव्यात मिटून, नुसत्या दोन बोटांत पेन्सिल धरून पाटीवर अक्षरं गिरवत होती.

मधल्या सुट्टीत शिपाई गणूमामांनी उलगडा केला. "आधीच्या कुंदाबाईंना उजवा अंगठाच नव्हता. लहानपणी कडबा कापायच्या यंत्रात गेला. एकेकाचा हात हातात घेऊन गिरवून घ्यायच्या. पोरांना वाटलं, लिहायचं ते असंच." मामांनी कुंदाबाईंनी भिंतीवर लिहिलेल्या टपोऱ्या, वळणदार अक्षरांकडे बोट दाखवलं. "दिवाळीत गेल्या बिचाऱ्या."

रेवतीबाईंनी हट्टच धरला. कधी ओरडून, कधी चुचकारून सगळ्यांचे अंगठे जागेवर आणले. तनू मात्र बधेना. बाईंची पाठ वळली की तिचा अंगठा पुन्हा आत.

"अशानं हात दुखेल गं, बाळा."

"दुखतोच," पाटीवरची नजर न काढता तनू म्हणाली. "पण अंगठा बाहेर काढला ना, की कुंदाबाई हात सोडतात."

बाई फळ्याकडे वळल्या आणि वार, तारीख लिहू लागल्या. त्यांचं अक्षर एरवी बारीक, तिरपं. आज टपोरं, वळणदार येत होतं. त्यांनी दचकून हाताकडे पाहिलं. खडू नुसत्या दोन बोटांत होता.

मागून तनू समजुतीनं म्हणाली, "हात सैल सोडा, बाई. म्हणजे त्या नीट गिरवून घेतात."